काय उजेड पाडलात!

मी ईईजी काढायचे. नोकरीभर तेच काम. डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवायच्या, मेंदूतल्या विजेचा आलेख घ्यायचा आणि डॉक्टरांकडे द्यायचा. त्या तपासणीत एक टप्पा प्रकाशाचा असतो. रुग्णाच्या डोळ्यांसमोर फूटभरावर दिवा आणायचा आणि तो लुकलुकवायचा: सेकंदाला एकदा, मग तीनदा, सहादा, दहादा, पंधरादा, वीसदा. प्रत्येक वेग मोजून काही सेकंद. तेवढा वेळ तंत्रज्ञाची एक नजर आलेखावर, दुसरी रुग्णाच्या ओठांवर आणि बोटांवर, अंगठा बटणावर. आलेखात टोकदार लाटा उसळल्या की दिवा त्याच क्षणी बंद. पलंगाला कठडे, बाजूला ऑक्सिजन, घशातली लाळ ओढायचं यंत्र, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. एका दिव्यासाठी एवढा बंदोबस्त, कारण काही मेंदूंना त्या दिव्याने फीट येते, आणि हे वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षांपासून ठाऊक आहे.

आता आमच्या कोल्हापूर-सांगलीकडची गणपतीची मिरवणूक बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ट्रस उभारलेला, त्यावर शार्पी, बीम, लेझर आणि लुकलुकणारे स्ट्रोब खच्चून बांधलेले. माझ्या त्या दिव्यापेक्षा कितीतरी ताकदीचे. कन्सोलवर बसलेला पोरगा विशीतला. तोही वेग वाढवतो-कमी करतो, फक्त गाण्याच्या ठेक्यावर. त्याच्यासमोर आलेख नाही, त्याच्या मागे डॉक्टर नाही, आणि रुग्ण एक नसून अख्खी गल्ली आहे: बापाच्या खांद्यावरची पोरं, खिडकीतल्या आज्या, चार रात्री न झोपलेले कार्यकर्ते. मी दवाखान्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिवा लावला असता तर माझी नोकरी गेली असती. या पोराला मंडळ दिवसाचं भाडं देतं आणि वर नगरसेवक शाल घालतो.

मंडळाच्या अध्यक्षाला मी हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, "काकू, वर्षातनं एकदाच तर हाय. तेवढं चालतंय की." चालतंय की! या दोन शब्दांवर आख्खा महाराष्ट्र चालला आहे. अपस्माराच्या झटक्याला वर्षभराची मुदत लागत नाही, काही सेकंद पुरतात. पण मला राग अज्ञानाचा नाही. अज्ञान समजू शकते मी. माझा आरोप असा आहे की प्रकाश शरीरावर आणि मेंदूवर काम करतो, त्याला औषधासारखी मात्रा असते, हे या राज्यात ज्याला ज्याला त्यातून पैसा काढायचा आहे त्याला बिनचूक माहीत आहे. माहीत नसल्याचं सोंग फक्त तिथे वठवलं जातं, जिथे मात्रा पाळली तर मजा कमी होईल किंवा मतं जातील.

कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा. तलंग वाढत असताना उजेडाचे तास तो आखडून धरतो आणि अंड्यावर आली की हळूहळू वाढवत सोळा तासांपर्यंत नेतो. टायमर लावलेला असतो, पंधरा मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नाही. कोंबडीच्या मेंदूला उजेड डोळ्यांतूनच कळतो असंही नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश थेट मेंदूत टिपला जातो. फ्रान्समध्ये जाक बन्वा यांनी १९३०च्या दशकात डोळे काढलेल्या बदकांवर हे दाखवून दिलं. पोल्ट्रीवाल्याने बन्वाचं नाव ऐकलेलं नसतं, पण त्याचा टायमर बरोबर लावलेला असतो.

सांगली-सोलापूरकडचा ड्रॅगन फ्रूटवाला घ्या. हंगाम सरल्यावर तो बागेत बल्बच्या माळा सोडतो, रात्र तोकडी करतो आणि झाडाला फसवून फुलवतो. शेवंतीवाल्याचं उलटं. शेवंती रात्र लांबली की कळ्या धरते, म्हणून बाजारभाव बघून तो मध्यरात्री दिवे लावतो आणि फूल लांबवतो. मध्यरात्रीच्या थोडक्या उजेडाने झाडाचं पंचांग बदलतं हे त्याच्या हिशोबाच्या वहीत लिहिलेलं आहे.

दवाखान्यातही तेच. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या इस्पितळात १९५०च्या दशकात सिस्टर जीन वॉर्ड यांच्या लक्षात आलं की उन्हात ठेवलेल्या बाळाची कातडी गोरी झाली आहे आणि चादरीखाली राहिलेला तुकडा तेवढा पिवळा आहे. तिथून पुढे फोटोथेरपी आली. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश रक्तातल्या बिलिरुबिनची घडण बदलतो आणि ते शरीराबाहेर जातं. किती तास, किती अंतर, कोणता दिवा, सगळं कागदावर असतं. आणि बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते. ती पट्टी एक मिनिट सरकली तरी नर्सवर ओरडणारी आई, तेच बाळ दीड वर्षाचं झाल्यावर बीमच्या तोंडापुढे उचलून धरते आणि नवऱ्याला म्हणते, "अहो, रील काढा."

फीटकडे परत येते, कारण माझं आयुष्य त्यात गेलं आणि त्यावर आपल्याकडे जेवढा मूर्खपणा चालतो तेवढा क्वचित कशावर चालत असेल.

लुकलुकणाऱ्या प्रकाशाने मेंदूच्या लाटा त्याच तालावर ओढल्या जातात हे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये केंब्रिजला दाखवलं. युद्ध संपल्यावर ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी इलेक्ट्रॉनिक स्ट्रोब ईईजीच्या खोलीत आणला आणि योग्य वेग सापडला की झटका उभा करता येतो हे स्पष्ट झालं. डोळ्यांतून येणारा प्रत्येक झबका मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी एकदम पेटवतो. निरोगी मेंदूत लगोलग लगाम लागतो. काहींच्या मेंदूत तो लगाम ढिला असतो. सेकंदाला तीन ते तीस झबके हा धोक्याचा पट्टा, त्यातही पंधरा ते पंचवीस सगळ्यात वाईट. गडद लाल रंग अधिक वाईट. नुसते काळे-पांढरे पट्टेही काहींना पुरतात.

कोणाला होतो हा त्रास? चार हजारांत एकाला, असा ढोबळ अंदाज आहे. सात ते एकोणीस या वयात प्रमाण पाचपट. मुलींत मुलांपेक्षा जास्त. मी अतिशयोक्ती करणार नाही: अपस्मार असलेल्या शंभर जणांत प्रकाशाने झटका येणारे तीन ते पाचच. बाकीच्यांनी दिव्यांना घाबरायचं कारण नाही. पण भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या पुढे आहेत, तेव्हा त्या तीन-पाच टक्क्यांचे तीन ते पाच लाख होतात. त्यांतल्या कित्येकांना आपण त्यांतले आहोत हे पहिला झटका येईपर्यंत कळतच नाही.

एक प्रकार तर मिरवणुकीसाठीच बेतल्यासारखा आहे. वैद्यकीय भाषेत जेएमई म्हणतात. वयात येताना सुरू होतो. सकाळी उठल्यावर हाताला हिसका बसतो, चहाचा कप उडतो, टूथब्रश हातातून पडतो. घरचे पोरीला वेंधळी म्हणतात. अशा किती "वेंधळ्या" मुली माझ्या खुर्चीवर बसल्या, आणि दिवा पंधराच्या आसपास पोचला की आलेख ओरडून सांगायचा की ही पोर आजारी आहे, हिला बोलू नका. या आजारात झटका कशाने येतो? जागरणाने. दारूने. औषधाचा डोस चुकल्याने. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने. आता विसर्जनाच्या रात्रीचं वर्णन मी वेगळं करायला हवं का?

घरातही हा प्रयोग नकळत चालतो. छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेतो. पाती तीन. म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा पातं आडवं येतं. दिवा जर पंख्याच्या वर बसवलेला असेल तर खाली अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या वहीवर सेकंदाला पंधरा सावल्या पडतात. बिल्डरच्या इंटिरियरवाल्याला फॉल्स सीलिंगचा रंग कळतो, हे कळत नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी एवढं करावं: दिवा भिंतीवर घ्यावा. शंभर रुपयांचं काम आहे.

आणि ज्याला आपल्याला प्रकाशाचा त्रास होतो हे माहीत आहे, त्याने झबके सुरू झाले की डोळे मिटून घेऊ नयेत. पापणी झबके थांबवत नाही, उलट त्यांना लाल करून आत सोडते. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवून तिथून निघावं. मेंदूचा तेवढा भाग पेटायला बहुधा दोन्ही डोळ्यांतून प्रकाश जावा लागतो. हे मी प्रत्येक आईबापाला सांगत आले. शाळेत मात्र कुणी सांगत नाही. शाळेत अजून फळ्यावर "प्रकाशाचे उपयोग" लिहून घेतात.

जग यातून शिकलं, आणि सहज शिकलं नाही, मार खाऊन शिकलं. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये नूडल्सची एक जाहिरात दाखवली गेली आणि तिच्या झबक्यांनी तिघांना झटके आले. फक्त तिघांना. पुढच्याच वर्षी नियम आले: पडद्याच्या मोठ्या भागावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झबके नकोत. ॲस्टन विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम हार्डिंग यांनी तपासणीची पद्धत बसवली, आजही तिकडे कार्यक्रम त्या चाचणीतून काढतात. जपानने दुर्लक्ष केलं आणि १६ डिसेंबर १९९७ला किंमत मोजली. संध्याकाळी 'पोकेमॉन'चा भाग लागला होता. एका स्फोटाच्या दृश्यात लाल-निळे झबके सेकंदाला बाराच्या वेगाने काही सेकंद दिसले. जपानभर ६८५ जण रुग्णालयांत नेले गेले, बहुतेक मुलं. सगळ्यांनाच खरा अपस्माराचा झटका आला नव्हता, काहींना मळमळ, डोकेदुखी आणि भीतीही होती. पण ज्यांना आला त्यांतल्या पुष्कळांना त्याआधी आयुष्यात कधी आला नव्हता. शहाणपणाची कमाल म्हणजे रात्रीच्या बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवलं आणि आणखी मुलं आजारी पडली. मालिका चार महिने बंद राहिली, तो भाग पुन्हा कधीही दाखवला गेला नाही, आणि जपाननेही नियम केले. २००७ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाची चित्रफीत प्रसिद्ध झाली, झटक्यांच्या तक्रारी आल्या, आणि आयोजकांनी तो तुकडा ताबडतोब काढून टाकला. ब्रिटनने तर २०२३च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात अपस्माराच्या रुग्णाला मुद्दाम लुकलुकती चित्रं पाठवणं हा गुन्हा ठरवला.

आपलं काय? आपल्या पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली पट्टी येते. सिनेमात बैल दिसला तर त्याला इजा झाली नाही असं आधी लिहून द्यावं लागतं. बैलाचं कल्याण असो. पण नाचगाण्यात अर्धा मिनिट स्ट्रोब सोडला तर प्रेक्षकाला आधी कुणी एक ओळ सांगत नाही. ब्रिटिश बातम्यांत नुसते कॅमेऱ्यांचे फ्लॅश दिसणार असले तरी निवेदक आधी बजावतो. आमच्या मराठी वृत्तवाहिन्यांना "मोठी बातमी" लाल-पिवळी लुकलुकवल्याशिवाय बातमी मोठी वाटत नाही. नगरपालिकेच्या सभेत खुर्ची फेकली तरी पडदा असा पेटतो की जणू तिसरं महायुद्ध लागलं.

झटका आल्यावरचं वागणं तर विचारूच नका. मिरवणुकीत एखादा पोरगा खाली पडून थरथरायला लागला की शंभर जण भोवती जमतात. एक जण कांदा आणायला पळतो, दुसरा पायातली चप्पल काढून नाकाला लावतो, तिसरा दातांत चमचा घालतो. "पिलंय जास्त" असा निकाल चौथ्याने दिलेला असतोच. कांद्याने आणि चपलेने काही होत नाही. चमच्याने दात पडतात. रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते दूर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा. आणि दिवे बंद करा. ही शेवटची गोष्ट करायला मंडळातलं कोणी धजावत नाही, कारण मागचं मंडळ पुढे जाईल. अपस्मार हा विवाह अवैध ठरवण्याचा आधार होता, तो हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्ये काढला गेला. कायद्याने कलंक पुसून पाव शतक झालं. गल्लीने अजून चप्पल खाली ठेवलेली नाही.

लेझरचा प्रकार वेगळा, आणि तो मेंदूपर्यंत जायचीही वाट पाहत नाही. तो डोळ्याचा पडदाच जाळतो. साध्या पॉइंटरचा लेझर मिलिवॉटांत मोजतात. पाचशे मिलिवॉटांच्या वरचा लेझर सर्वांत धोकादायक, चौथ्या वर्गाचा, आणि समारंभात भाड्याने येणारे कित्येक लेझर वॉटांत असतात. माणसाची पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. असल्या किरणाला तेवढा वेळ लागत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे पोरगा पहाटेपर्यंत नाचतो आणि सकाळी उठल्यावर त्याला समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही याच किरणांनी जळतो. त्यावर लोक जास्त हळहळताना मी पाहिले आहेत. फोनची वॉरंटी असते ना.

२०२३च्या गणेशोत्सवानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे असे तरुण रुग्ण गेले आणि त्यांच्या संघटनेने बंदी मागितली. ग्राहक पंचायतीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती निकालात निघाली: लेझरसाठी स्वतंत्र कायदा नाही, संबंधित यंत्रणांकडे दाद मागा. न्यायालयाचं मी समजू शकते, त्यांच्यापुढे कायदाच नव्हता. पण विधिमंडळापुढे काय नव्हतं? आवाजाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ते पाळले जात नाहीत ही गोष्ट वेगळी, निदान मोडायला नियम आहे. प्रकाशाला मोडण्यापुरताही नियम नाही. विमानतळाजवळ वैमानिकाच्या डोळ्यावर लेझर मारला तर पोलीस धरतात. म्हणजे सरकारला धोका कळतो. फक्त डोळे जमिनीपासून किती फुटांवर आहेत त्यावर त्यांची किंमत ठरते. मग दरवर्षी विसर्जनाच्या तोंडावर एखादे पोलीस आयुक्त तात्पुरता मनाई आदेश काढतात, पुण्यात २०२४ मध्ये काढला तसा. मुदत संपते. लेझर गोदामात जातो आणि पुढच्या लग्नाला बाहेर येतो.

गणेशोत्सव दहा दिवसांचा. बारमाही उजेड पाडणारे आणखी आहेत. आमदार निधीतून हायमास्ट! गावात पाणी नसेल, शाळेत बाई नसतील, पण वेशीवर हायमास्ट हवा आणि त्याच्या खांबावर साहेबांचं नाव हवं. दिवा पांढराफेक, तोंड चारी दिशांना, झाकण नाही. निम्मा उजेड आभाळात आणि उरलेल्यातला निम्मा लोकांच्या निजायच्या खोलीत. खाली सोयाबीनचं रान असेल तर तेही भोगतं. सोयाबीन रात्र लांबली की फुलणारं पीक आहे. रात्रभर दिव्याखाली उभं राहिलं की हिरवंच राहतं, शेंगा उशिरा धरतं. शेतकरी साहेबांना सांगायला जातो, साहेब म्हणतात विकास आहे.

माणसाचं काय होतं ते आता पुरतं कळलेलं आहे. डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एक जात आहे, तिच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नव्हे. दिवस आहे की रात्र, एवढी वर्दी त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. ते घड्याळ म्हणजे वीसेक हजार पेशींचा छोटासा पुंजका. सगळ्यात जास्त वर्दी जाते ती ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरलेला असतो. त्या उजेडाने मेलाटोनिन दबतं, झोप पुढे सरकते. काही पूर्ण अंध माणसांतही ही वर्दी शाबूत असते. दिसत काही नाही, तरी उजेडाने त्यांचं मेलाटोनिन उतरतं. शरीराच्या घड्याळाचं गुपित उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी, २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी बहुधा कर्करोगकारक असल्याचं नोंदवलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलं की रस्त्यावरचे दिवे ३००० केल्विनच्या आत, म्हणजे पिवळसर, ठेवा. आपण २०१५पासून देशभर सव्वा कोटीहून अधिक रस्तादिवे एलईडी केले. वीज वाचली, उत्तम झालं. पण बदलताना रंग विचारायला पैसे पडत नव्हते. आणि झोप मोडणं म्हणजे नुसती जांभई नव्हे. अपस्माराच्या रुग्णाची झोप मोडली की झटका जवळ येतो. हायमास्ट स्ट्रोबसारखा लुकलुकत नाही, तरी त्याच घरात तोच अनर्थ आणायला मदत करतो, सावकाश.

मुक्या जिवांबद्दल थोडक्यात, कारण त्यांची तक्रार ऐकायला तर मंडळाचा अध्यक्षही नाही. मे अखेरीस भंडारदरा आणि पुरुषवाडीला काजवे बघायला झुंबड उडते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून मातीत जातं. उडणारा काजवा दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा, आणि तेवढ्यात नराने लुकलुकून मादी शोधायची. तिथे आपण गाड्या हायबीमवर नेतो आणि मोबाइलचा टॉर्च मारून म्हणतो, "आहेत का रे?" होते, बाबा. वन विभागाला वाहनांवर आणि वेळेवर निर्बंध घालावे लागले. वेळासच्या किनाऱ्यावर, गोव्यात मोरजीला, आगोंदला, गालजीबागला ऑलिव्ह रिडली कासवाची पिल्लं वाळूतून निघाली की उजळ क्षितिजाकडे जातात. लाखो वर्षं ते क्षितिज समुद्राचं होतं. आता शॅकचं आणि रिसॉर्टचं असतं. मुंबई-ठाण्यात सुशोभीकरण म्हणून झाडांना दिव्यांच्या माळांनी बुंध्यापासून फांद्यांपर्यंत करकचून आवळलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर २०२४ मध्ये महापालिकेला माळा उतरवायची आठवण झाली.

"भावनेचा प्रश्न आहे" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या मृतांच्या स्मृतीसाठी दरवर्षी आकाशात दोन प्रकाशस्तंभ सोडतात. त्याहून मोठी भावना कुठली आणायची? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अशा सात रात्रींत मिळून अकरा लाखांच्या आसपास स्थलांतरी पक्षी त्या झोतांकडे ओढले गेले. तिथे पक्षिनिरीक्षक रात्रभर मोजत बसतात आणि झोतात हजारावर पक्षी अडकले की स्मारकाचे दिवे वीस मिनिटं बंद करतात. पक्षी मोकळे होतात, दिवे पुन्हा लागतात. कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही. फ्रान्समध्ये दुकानांच्या पाट्या रात्री एकनंतर विझवाव्या लागतात, आणि फ्रेंच माणूस अंधारात चाचपडून मेल्याचंही ऐकिवात नाही.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? नागपूरजवळचं पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. त्यासाठी काय केलं? वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे वळवले. एवढंच. दिव्याला टोपी घातली. लोकांना रस्ता दिसतो, वाघाला जंगल दिसतं, आणि वर आकाशगंगा दिसते. हे याच राज्यात, याच सरकारी फायलींतून झालं. तेव्हा जमत नाही असं कुणी मला सांगू नये.

कायदा चार ओळींत होईल. सार्वजनिक ठिकाणी सेकंदाला तीनपेक्षा जास्त झबके नकोत. चौथ्या वर्गाचा लेझर माणसांच्या उंचीवर सोडायचा नाही, प्रशिक्षित परवानाधारकाशिवाय चालवायचा नाही. रस्त्याचा दिवा पिवळसर आणि खाली तोंड केलेला. पडद्यावर झबके असतील तर आधी इशारा. आवाजाला डेसिबल मोजणारा पोलीस असतो, तसा उजेड मोजणारा एक द्या. आम्ही निवृत्त तंत्रज्ञ फुकट शिकवायला येतो.

तोवर आपल्या हातात वर्गणी आहे. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली की त्यांना पाणी द्या, बसवा आणि विचारा: स्ट्रोब लावणार का, वेग किती ठेवणार, लेझर कोणत्या वर्गाचा आहे, तो चालवणाऱ्याचं शिक्षण काय, आणि कुणी पडला तर दिवे बंद करण्याचा अधिकार कुणाकडे आहे. उत्तरं लिहून मागा. मिळाली नाहीत तर वर्गणी देऊ नका. मी देत नाही.